‘जोगत्या’ ही शिवी कशी झाली?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या शिक्षिका लिहितात: आठवीत एक मुलगा आहे, चालणं-बोलणं नाजूक. मुलं त्याला ‘जोगत्या’ (यल्लमा देवीला वाहिलेला, लुगडं नेसणारा पुरुष) म्हणून चिडवतात आणि एक सरही हसत हसत त्याला तशीच हाक मारतात. इकडे घरी, पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या दिरानं दिवाळीत त्यांना एकटीला गाठून सांगितलं, ‘वहिनी, मला मुली आवडत नाहीत, मला मुलगेच आवडतात.’ घरात त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. सासरे माळकरी. ‘दोन्हीकडे मी गप्प बसते आणि रात्री झोप लागत नाही. भांडण न करता काही बोलता येईल का?’

ताई, आधी शाळेचं बोलतो. दीर मोठा आहे, कमावता आहे, लांब आहे. त्याला चार महिने थांबता येईल. आठवीतल्या पोराला उद्या सकाळी प्रार्थनेला उभं राहायचंय.

त्या सरांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर टोकू नका. चारचौघांत टोकलेला माणूस आपली बाजू कशी सावरायची एवढंच बघतो. एकटे असताना गाठा आणि दोन वाक्यं बोला: ‘सर, त्या मुलाला त्या नावानं हाक मारू नका. तुम्ही मारली की मुलांना मोकळीक मिळते.’ झालं. मानसशास्त्र, कायदा, माणुसकी यातलं काही त्याला जोडू नका, कारण जोडलं की वाद त्या जोडलेल्या गोष्टीवर सुरू होतो. ते म्हणणार, ‘अहो बाई, मस्करी ओ.’ तुम्ही म्हणा, ‘असेल. पण तो हसत नाही.’ तरीही चालूच राहिलं तर मुख्याध्यापक. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलांना मारायला मनाई करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमात मानसिक छळालाही मनाई आहे, ते बहुतेकांनी वाचलेलं नसतं. आठवी त्या कायद्यात बसते. पण हे कलम पर्समध्ये असू द्या, पहिल्याच दिवशी बाहेर काढू नका.

वर्गात शिक्षक दोनपैकी एक चूक करतात. एक तर ऐकलंच नाही असं दाखवतात. नाहीतर खडू खाली ठेवून समतेवर वीस मिनिटं बोलतात, आणि ती वीस मिनिटं सगळा वर्ग माना वळवून त्या पोराकडे बघत बसतो. खिडकी लावून घे म्हणताना जो आवाज असतो त्याच आवाजात सांगा, ‘माझ्या वर्गात कुणाला असल्या नावानं हाक मारायची नाही,’ आणि पुढचं गणित घाला. दर वेळी. तुमचा कंटाळा आणि मुलांचा कंटाळा यांची शर्यत असते ही. तुम्ही आधी दमलात तर शब्द जिंकला.

आणखी एक गोष्ट बघा, जी कुणी बघत नाही. तो मुलगा लघवीला कधी जातो? माझ्याकडे आलेल्या अशा कितीतरी जणांनी मोठेपणी सांगितलं की शाळेत दिवसभर पाणीच प्यायचे नाहीत. चड्डी ओढणं, ‘बघू बघू’ करणं, सगळं मुताऱ्यांपाशी होतं. त्याला मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी काहीतरी निमित्तानं बाहेर सोडत जा. हजेरीपुस्तक ऑफिसात देऊन ये म्हणा. कारण सांगू नका. त्याला कळतं.

आई-बापांना बोलावून ‘तुमचा मुलगा मुलींसारखा वागतो’ असं मात्र कधीही सांगू नका. त्या संध्याकाळी त्याच्या पाठीवर पट्टा उठतो. बोलायचंच असेल तर ‘मुलं त्याला त्रास देतात, आम्ही लक्ष घालतोय’ एवढं. आणि तो पुढे कोण होईल ते तुम्ही ठरवू नका. असा मुलगा मोठेपणी समलिंगी असेल, किंवा आपण बाईच आहोत हे त्याला उमगेल, किंवा दोन पोरांचा बाप होऊन तसाच नाजूक चालत बाजारात जाईल. तेराव्या वर्षी तुम्हाला, मला आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तोच खुपला.

आपला मुलूख म्हणजे यल्लमाचा मुलूख. सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात. मार्गशीर्ष पुनवेला कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या निपाणी-संकेश्वरवरून डोंगराला जातात, जोगनभावीला अंघोळ होते, भंडाऱ्यानं रस्ते पिवळे होतात, ‘उदं गं आई’ होतं. डोक्यावर जग (देवीचा मुखवटा ठेवलेली पाटी) घेऊन, चौंडक्याच्या तालावर पुढे कोण चालतं? जोगती चालतात, जोगप्पा चालतात. पुरुषाच्या अंगानं जन्मलेली, देवीनं धरलं म्हणून हिरवं लुगडं नेसलेली माणसं. जोगप्पा वेगळे आणि हिजडा घराण्यातले वेगळे; जोगप्पांमध्ये शस्त्रक्रियेची रीत नाही, त्यांचा गुरू, त्यांचं व्रत, त्यांची गाणी निराळी. तुमच्या सासूबाईंनी आयुष्यात कधीतरी त्यांच्या परडीत तांदूळ घातले असणार, त्यांच्या हातानं भंडारा लावून घेतला असणार. मग मंगळवारी जिच्या पायावर डोकं ठेवायचं, तिचंच नाव बुधवारी शाळेत शिवी कसं होतं?

मला वाटतं ते असं. आपल्या भागात या माणसांना जागा आहे, पण ती ठरलेली आहे: अंगणापर्यंत. परडी भरायची ती उंबऱ्याच्या बाहेर. आशीर्वाद घ्यायचा, पण खोली भाड्यानं द्यायची नाही. जत्रेत नाच बघायचा आणि बसमध्ये शेजारची सीट रिकामी ठेवायची. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेत बायकांबरोबर तृतीयपंथीयांनाही सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. पण ते तिकीट मागताना मागच्या सीटवरून जे खिदळणं ऐकू येतं त्यापायी पैसे देऊन साधं तिकीट काढणाऱ्या मला माहीत आहेत. देवीच्या दारात चालतं, माझ्या दारात नको. आपल्याकडचा पूर्वग्रह हा असा आहे. ‘असली माणसं कधी पाहिलीच नाहीत’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही. म्हणून मोठ्या शहरातून येणारी ‘माहिती द्या, जागृती करा’ ही पत्रकं इथं फारशी लागू पडत नाहीत. माहिती आहे. उंबरा ओलांडला जात नाही.

‘हे लोक पोरं पळवतात, चोऱ्या करतात’ ही समजूत मात्र देवीकडून आलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात इंग्रजांनी हिजड्यांची पोलिसात नोंदवही ठेवायची तरतूद केली. बायकांच्या वेशात रस्त्यावर नाचलं-गायलं तर पकडा, घरात सोळा वर्षांखालचा मुलगा आढळला तर पकडा. इंग्रज गेले, कायदा गेला, संशय राहिला. इतका, की २०११ साली कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून तशीच नोंदवही परत आणली गेली आणि त्याविरुद्ध कोर्टात जावं लागलं. पोरं पळवण्याची अफवा उठली की गावागावांत आधी कुणाला घेरतात ते आठवा.

याच राज्यातली दुसरी बाजूही आहे, आणि वर्गात ती सांगण्यासारखी आहे. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती. जोगती नृत्य करत भीक मागून दिवस काढलेल्या. २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. लोककलांच्या तासाला पोवाडा, भारूड, यक्षगान येतं, तिथं जोगती नृत्यही येऊ द्या. त्या पोराचं नाव काढायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. जो शब्द चिडवायला वापरला, तोच मोठ्या मानानं बाईंच्या तोंडून ऐकला की मुलांची थोडी पंचाईत होते. तेवढी पुरे.

एक इशारा मात्र देतो. देवीचा आधार घरच्या माणसासाठी वापरू नका. ‘हे देवीचंच देणं आहे’ असं म्हटलं की सुटलो असं वाटतं, पण काही घरांत त्याचा अर्थ ‘मग देऊन टाका देवीला’ असा होतो. ज्या मुलाला शिकायचं होतं, नोकरी करायची होती, त्याच्या गळ्यात दर्शनाची माळ पडते आणि घर हात झटकतं. बायकांना देवीला वाहण्यावर कर्नाटकानं १९८२ मध्येच कायद्यानं बंदी आणली. अशा मुलांच्या बाबतीत मात्र गावं अजून ‘देवीची इच्छा’ म्हणून गप्प बसतात. स्वतःच्या भक्तीनं जग उचलणारी वेगळी आणि घरानं उचलून दिलेली वेगळी.

आता दीर.

त्यानं तुम्हाला सांगितलं, नवऱ्याला नाही, आईला नाही. तो तुमच्याकडून काय अपेक्षा धरतो ते आधी त्यालाच विचारा. फक्त ऐकणारं माणूस हवं होतं, की घरी बोलणारं? कुणाला, कधी, कुणाच्या तोंडून हे तो ठरवेल. तुम्ही चांगल्या मनानं नवऱ्याच्या कानावर घालाल आणि त्याचा तुमच्यावरचा एकुलता एक भरवसा जाईल. अशी मोडलेली नाती मी पाहिली आहेत. मोडणारा दर वेळी मदतच करत होता.

तोवर स्थळं थोपवा. हे तुमच्या हातात आहे. ‘त्याला दोन वर्षं नोकरीत स्थिर होऊ दे म्हणतोय’ एवढं निमित्त मराठी घरात वर्षभर सहज पुरतं.

इथं माझी एक चूक सांगायला हवी. मी १९९८ पासून बेळगावात समुपदेशन करतो. सुरुवातीच्या वर्षांत निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्या घरातला मुलगा माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्यानं जे सांगितलं ते तुमच्या दिरासारखंच. मी त्याच्या आईला म्हणालो, लग्न करून द्या, होईल नीट. तेव्हा सगळे हेच म्हणायचे, मीही म्हणालो. तीन वर्षांनी त्याची बायको आली. विशीतली पोर. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं एवढंच विचारलं, ‘सर, माझ्यात काय कमी आहे?’ तिला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण खरं सांगायचा हक्क तिच्या नवऱ्याचा होता आणि तिला इथवर आणण्यात हात माझा होता. त्यामुळे कुणी ‘लग्न झालं की सुधारतो’ म्हणालं तर मी मुलाची बाजू मांडत नाही. विचारतो, ‘तुमची मुलगी द्याल का अशा मुलाला?’ त्यावर आजवर कुणी हो म्हटलेलं नाही.

डॉक्टरांचं काय, हा प्रश्न येणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०१८ मध्ये भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं हा आजार नाही असं जाहीर केलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असल्या ‘बदलून देणाऱ्या’ उपचारांना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. तेव्हा संमोहन, शॉक, ‘हार्मोनची इंजेक्शनं’ यांची भाषा कुणी केली तर बूट घालून घरी या. आणि बुवाकडे नेऊन जे होतं, तेच इथं पावती देऊन होतं. मानसोपचाराचा उपयोग आहे, पण तो झोप उडालेल्या, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येणाऱ्या मुलासाठी आणि घाबरलेल्या आईबापांसाठी. असे विचार त्याच्या बोलण्यात आले तर ‘कुणाला, कधी’ हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे पोचवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो आणि कन्नडमध्येही.

घरात बोलायची वेळ येईल तेव्हा लक्षात ठेवा, चार माणसांना चार वेगळ्या भीती असतात. एकच भाषण चौघांना लागू होत नाही. सासूबाईंचा पहिला प्रश्न बहुधा, ‘म्हणजे आता हा साडी नेसूलाय काय?’ आपल्या डोळ्यांसमोर जोगप्पा आहेत ना, म्हणून. त्यांना सांगा, नाही. तो पुरुषच आहे, त्याला स्वतःला बाई वाटत नाही, त्याचा जीव पुरुषावर जडतो एवढंच. जोगप्पांचं उलटं, त्यांना आपण बाईच वाटतं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे कळल्यावर काही आया चक्क सुस्कारा सोडतात, ज्यावर त्या जोगप्पानं रागवावं की हसावं मला कळत नाही. पण आईची खरी भीती त्यामागे असते: ‘मी गेल्यावर ह्याला कोण बघणार?’ ही भीती खोटी नाही, तेव्हा ‘काही होत नाही ओ’ म्हणून उडवू नका. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, म्हणजे लग्नातून येणारा कागदी आधार त्याला नाही. पण एकत्र बँक खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे अर्थखात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मृत्युपत्र करता येतं. स्वतःचं घर घेता येतं. आईशी हे बोला. मुलाचं म्हातारपण कसं जाईल यावर बोलणारी आई त्याला घराबाहेर काढायच्या विचारात नसते.

नवरा चिडला तर त्याच्या चिडण्यात ‘माझ्याकडेही लोक तसंच बघतील’ हे बरंच असतं. त्यावर तुम्ही काही बोलू नका, भावाभावांना एकदा मोटारसायकलवरून शेताकडे जाऊ द्या.

माळकरी सासऱ्यांचं मला तुमच्याइतकं भय वाटत नाही. माझा अनुभव असा की कट्टर बोलणारे बाप बऱ्याचदा स्वतः धार्मिक नसतात, पंचांमध्ये ऊठबस करणारे असतात. वारकरी माणसाच्या हाताशी निदान शब्द असतात. पण अभंग फेकून मारू नका. संतांनी या विषयावर अमुक म्हटलंय असा दावा करायला जाल तर ते तुम्हाला दहा अभंगांनी उत्तर देतील, आणि त्यांचं पाठांतर तुमच्यापेक्षा चांगलं आहे. शिखंडी-बृहन्नडेचंही तेच, ‘ते महाभारत, हे घर’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा त्यांच्या रोजच्या गोष्टी विचारा. विठ्ठल पुरुष, मग माउली कशी? मिशा असलेले बुवा गवळण म्हणताना गोपी होऊन रुसतात, भारुडात पाटलाचा मुलगा लुगडं नेसून नाचतो, तेव्हा मंडपात कुणी बायल्या म्हणत नाही, ते का? वारीत वय न बघता, जात न विचारता समोरच्याच्या पाया पडतात. पडण्याआधी तो कुणावर प्रेम करतो ते विचारतात का? विचारा आणि उठून चहा ठेवायला जा. उत्तर लगेच मागू नका. एका आजोबांनी मला तब्बल आठ महिन्यांनी फोन करून सांगितलं होतं, ‘तुमचा तो प्रश्न डोक्यातनं जाईना झालाय.’ नातू त्या वर्षी गणपतीला घरी जेवला. स्वीकार वगैरे शब्द त्या घरात आजही कुणी वापरत नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण घरात त्याचा उपयोग कमी आणि पोलीस ठाण्यात जास्त. सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. जुलै २०२४ पासून आलेल्या न्यायसंहितेत तर असे संबंध गुन्हा ठरवणारं जुनं ३७७ कलमच नाही. त्या कलमाच्या नावानं कुणी पैसे उकळू लागलं, आणि फोनवरच्या ओळखींतून हे फार होतं, तर गुन्हेगार तो आहे, दीर नव्हे. हे त्याला वेळेत सांगून ठेवा. तृतीयपंथीयांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, संसदेचा कायदा २०१९ चा, आणि कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी भरतीत एक टक्का जागा राखल्या. ओळखपत्राच्या प्रक्रियेसाठी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस गाठावं लागतं, कागद कन्नडमध्ये; मराठी शाळेत शिकलेली पोर तिथं दुहेरी अडते. बरोबर कन्नड लिहिणारं माणूस न्या आणि अर्जाआधी सध्याचा नियम विचारून घ्या, कारण नियम बदलतात.

त्याच २०१४ साली नोव्हेंबरात आपल्या गावाचं नाव कागदोपत्री बदलून ‘बेळगावी’ झालं. तरी घरात आपण बेळगावच म्हणतो आणि कुणी मुद्दाम दुसरं म्हटलं की आपल्याला ते टोचतं. स्टाफरूममध्ये कुणी ‘नाव बदललं म्हणून काय बाई होतोय काय’ म्हणालं, तर त्यांना विचारून बघा, स्वतःला काय म्हणायचं हे कुणी ठरवायचं? या भागातल्या मराठी माणसाला हा प्रश्न समजवावा लागत नाही. (कन्नड सहकारी जवळ असतील तर जरा जपून, विषय भलतीकडे जाईल.)

आणि ताई, दिवाळी होऊन बरेच दिवस झाले. त्यानं सांगितल्यापासून तुम्ही त्याला आपणहून फोन केलाय का? पत्रात तसं दिसत नाही. तो तिकडे रोज मोजत असणार: वहिनी आता बोलत नाही म्हणजे तिला किळस आली. पहिल्या फोनवर या विषयाचं एक अक्षर बोलू नका. आज रात्री जेवलास का विचारा, आणि घरून काय पाठवू ते विचारा.